सोंग व्हीटी-१०० चे: पीसीवरचे टर्मिनल इम्युलेटर का अडखळतात

जुन्या सर्व्हरला पीसीवरून जोडल्यावर कधी कधी पडद्यावर एक चमत्कारिक दृश्य उमटते. मेनूभोवती नीट आखलेली चौकट दिसायला हवी, तेथे वरच्या कडेला छोट्या लिपीतले इंग्रजी एल, त्यापुढे क्यू-क्यू-क्यू अशी लांबलचक रांग आणि शेवटी के दिसते. मधल्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना एक्स असतो आणि तळाच्या कडेला एम, पुन्हा क्यूंची रांग आणि जे. चौकटीच्या आतला मजकूर मात्र शाबूत असतो. पाहणाऱ्याला वाटते की सर्व्हर बिघडला, लाइन खराब झाली किंवा व्हायरस शिरला. प्रत्यक्षात यांपैकी काहीच झालेले नसते. सर्व्हर आणि पीसी दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे बिनचूक काम करत असतात, फक्त त्या समजुती एकमेकींशी जुळत नसतात. टर्मिनल इम्युलेशनमधले, म्हणजे पीसीवरच्या प्रोग्रामने जुन्या टर्मिनल यंत्राचे सोंग घेण्यातले, बहुतेक घोळ याच जातीचे असतात, आणि म्हणूनच त्यांत ‘एरर’ असा संदेश क्वचितच येतो.

टर्मिनल म्हणजे मुळात स्वतः काहीच न करणारे यंत्र. कळ दाबली की त्या अक्षराचा क्रमांक तारेवरून मोठ्या संगणकाकडे पाठवायचा आणि तिकडून आलेला क्रमांक अक्षर म्हणून दाखवायचा, एवढेच त्याचे काम. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे कागदावर, सेकंदाला १० अक्षरे या गतीने टंकन करत असे. कागदाच्या जागी काचेचा पडदा आला तेव्हा नवी सोय झाली: कर्सर हवा तेथे नेता येऊ लागला, लिहिलेले पुसता येऊ लागले. पण तारेवरून तर फक्त अक्षरेच जात होती; मग ‘पडदा पूस’ ही आज्ञा पाठवायची कशी? त्यावर तोडगा असा निघाला की २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ हे अदृश्य अक्षर आले की पुढची काही अक्षरे दाखवायची नाहीत, त्यांना आज्ञा समजायचे. एस्केप, चौकोनी कंस, २ आणि मोठ्या लिपीतला जे एवढे आले की पडदा कोरा होतो. एस्केप, चौकोनी कंस, १०, अर्धविराम, २० आणि मोठा एच आला की कर्सर दहाव्या ओळीच्या विसाव्या घरात जाऊन बसतो.

या आज्ञांचे एक प्रमाणित रूप १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाले, आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच डेक या अमेरिकी कंपनीने १९७८ साली बाजारात आणलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलने ते रूप घरोघरी नव्हे, तरी कार्यालयोकार्यालयी नेले. परंतु कागदावरच्या मानकात अनेक बारीक गोष्टी ठरवलेल्या नव्हत्या. त्या जागी व्हीटी-१०० जसा वागला तसे वागणे हाच पुढे अलिखित नियम झाला. आजचा टर्मिनल इम्युलेटर एखाद्या मानकाचे पालन करण्यापेक्षा एका विशिष्ट यंत्राचे सोंग वठवतो, त्या यंत्राच्या खोडींसकट. सोंग किती बारकाईने वठवले आहे यावर सुसंगतता अवलंबून असते.

सर्व्हरवरच्या प्रोग्रामला समोर कोणते यंत्र आहे हे कळते कसे? युनिक्स या कार्यप्रणालीच्या जगात याचे उत्तर एका नावात आहे. जोडणी होताना इम्युलेटर ‘टर्म’ या चलात स्वतःचे नाव सांगतो: व्हीटी-१००, एक्सटर्म, असे काहीतरी. सर्व्हरपाशी ‘टर्मइन्फो’ नावाची एक नोंदवही असते. तिच्या आधीच्या ‘टर्मकॅप’ या रूपाची सुरुवात बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी केली. तीत प्रत्येक नावापुढे त्या यंत्राच्या आज्ञा आणि कळांचे संकेत लिहिलेले असतात. प्रोग्राम ते नाव वाचतो आणि डोळे मिटून त्या पानाप्रमाणे वागतो. खरी मेख येथे आहे: सांगितलेले नाव खरे आहे का, हे सहसा कोणीही तपासत नाही. आज कितीतरी इम्युलेटर स्वतःला एक्सटर्म म्हणवून घेतात, कारण ते नाव सगळीकडे ओळखले जाते. पण खऱ्या एक्सटर्मची प्रत्येक लकब त्यांच्यात असतेच असे नाही. याउलट एखादा नवा इम्युलेटर प्रामाणिकपणे आपले वेगळे नाव सांगतो, तेव्हा दहा वर्षे जुन्या सर्व्हरच्या नोंदवहीत ते नाव नसते आणि ‘अनोळखी टर्मिनल’ अशी तक्रार येऊन गाडे अडते. मग वापरणारा स्वतःच टर्मचे नाव बदलून एक्सटर्म करतो आणि काम चालू होते. या क्षेत्रात खरे बोलणाऱ्याला थोडा त्रासच होतो.

सोंग कधी कधी भर सभेत उघडे पडते. होस्ट, म्हणजे पलीकडचा संगणक, एका ठरावीक आज्ञेने टर्मिनलला ‘तू कोण?’ असे विचारू शकतो आणि टर्मिनल त्याचे उत्तर पाठवते. पण हे उत्तर कळफलकावरून टंकलेल्या अक्षरांच्याच वाटेने जाते. प्रश्न विचारणारा प्रोग्राम तोवर बंद झाला असेल, तर ते उत्तर आज्ञा लिहायच्या ओळीवर ‘१;२’ आणि पुढे सी असे उमटते आणि आपण तर काहीच टंकले नव्हते म्हणून माणूस गोंधळतो. पुट्टी या लोकप्रिय इम्युलेटरमध्ये ५ क्रमांकाचे अदृश्य अक्षर आले की तो उत्तर म्हणून स्वतःचे नाव पाठवतो. चुकून एखादी बायनरी, म्हणजे मजकूर नसलेली, फाइल पडद्यावर ओतली की शेवटी आज्ञेच्या ओळीवर पुट्टीपुट्टीपुट्टी अशी माळ तयार होते, त्याचे कारण हे.

आता सुरुवातीच्या चौकटीकडे वळू. व्हीटी-१०० मध्ये रेघा काढण्यासाठी वेगळे क्रमांक नव्हते. एक आज्ञा दिली की तो पर्यायी अक्षरसंचाकडे वळे आणि त्या संचात एल म्हणजे वरचा डावा कोपरा, क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी रेघ असे ठरलेले होते. संच बदलण्याची आज्ञा इम्युलेटरने मानली नाही, की रेघांऐवजी मूळ अक्षरेच दिसणार. हे आजही घडते, कारण युनिकोडची अक्षरे पाठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत असे संच बदलणे अनावश्यक मानले जाते आणि काही इम्युलेटर त्या पद्धतीत ही आज्ञा दुर्लक्षित करतात. पुट्टीत त्यासाठी यूटीएफ-८ मध्येही व्हीटी-१०० च्या रेघा चालू ठेवण्याचा स्वतंत्र पर्याय दिलेला आहे, तो निवडला की चौकट जागच्या जागी उभी राहते.

आयबीएम पीसीने मात्र वेगळाच मार्ग धरला होता. त्याच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचात रेघांना १२७ च्या पुढचे स्वतंत्र क्रमांक होते आणि आडवी रेघ १९६ व्या जागी होती. जुना प्रोग्राम समोर डॉस या जुन्या कार्यप्रणालीचा पीसी आहे असे धरून १९६ पाठवतो आणि पलीकडे पश्चिम युरोपी संच लावलेला विंडोजचा इम्युलेटर असेल, तर चौकटीच्या जागी डोक्यावर दोन टिंबे असलेल्या मोठ्या ए ची रांग लागते. इम्युलेटर यूटीएफ-८ मध्ये असेल तर एकट्या १९६ ला तेथे अर्थच नसल्याने प्रश्नचिन्हाची खूण येते. म्हणजे एल-क्यू दिसले तर सर्व्हर व्हीटीचे नियम पाळतो आहे, आणि टिंबांचा ए दिसला तर तो पीसीचे नियम पाळतो आहे, एवढे निदान नुसत्या कचऱ्याकडे पाहून करता येते.

देवनागरीलाही या भानगडीचा फटका बसला होता. पीसीत बसवायच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या अक्षरी पडद्यावर भारतीय लिपी दिसू लागल्या. हे तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमुळे देशभर पोहोचले. त्यामागे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारा इस्की हा संकेत होता आणि १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. इस्कीत पहिले १२८ क्रमांक इंग्रजीसाठी तसेच ठेवून देवनागरी वरच्या १२८ मध्ये बसवलेली होती, त्यामुळे प्रत्येक अक्षराचे आठही बिट शाबूत पोहोचणे आवश्यक होते. जुन्या सीरियल लाइन मात्र अनेकदा सात बिट आणि चूक ओळखण्यासाठीचा एक पॅरिटी बिट अशा लावलेल्या असत. आठवा बिट गळाला की क्रमांकातून १२८ वजा होतात. इस्कीत क हा १७९ व्या जागी आहे. त्यातून १२८ गेले की ५१ उरतात आणि ५१ म्हणजे इंग्रजी ३ हा अंक. ‘कखगघ’ असे पाठवावे आणि समोर ‘३४५६’ यावे, असा हा प्रकार होता, आणि तो इम्युलेटरचा नव्हे, तर लाइनच्या मांडणीचा दोष होता.

युनिकोडमुळे क्रमांकांचा प्रश्न मिटला, पण घरांचा प्रश्न उरला. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींची वही: एका घरात एक अक्षर. देवनागरीत हे गणित बसत नाही. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडचे चार क्रमांक आहेत, पण उकार आणि मात्रा यांना स्वतंत्र जागा नसल्याने प्रचलित तक्त्यानुसार हा शब्द दोनच घरे व्यापतो. ‘मराठी’ मात्र पाच घरे घेतो, कारण काना आणि दीर्घ वेलांटी यांना त्या तक्त्यात एकेक घर दिलेले आहे. यादी छापणाऱ्या प्रोग्रामने नुसते क्रमांक मोजून जागा सोडली तर ‘पुणे’ असलेल्या ओळीतला पुढचा रकाना दोन घरे डावीकडे सरकतो. ऱ्हस्व वेलांटीची तर आणखीच अडचण: ती साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी व्यंजनाआधी. प्रत्येक घर सुटे रंगवणारा इम्युलेटर तिला व्यंजनाच्या उजवीकडे टाकून मोकळा होतो. मराठी फाइलनावांची यादी टर्मिनलमध्ये वेडीवाकडी दिसते ती म्हणून. फाइल मात्र ठणठणीत असते.

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. टर्मिनलच्या बाबतीत ते कळफलकाला लागू पडते. पडदा हा सॉफ्टवेअरच्या हातातला खेळ आहे. कळा मात्र जेवढ्या आहेत तेवढ्याच. व्हीटी-१०० च्या उजवीकडच्या अंकपाटीवर १८ कळा होत्या आणि पीसीच्या नेहमीच्या अंकपाटीवर १७ असतात. व्हीटीवर वजा आणि स्वल्पविराम अशा दोन कळा एकाखाली एक होत्या, तेथे पीसीवर अधिकची एकच उंच कळ आहे. म्हणजे कशीही वाटणी केली तरी एक कळ कमी पडणारच, आणि इम्युलेटर ती शिफ्टच्या जोडीने कोठेतरी कोंबतात. त्याहून कटकटीची गोष्ट म्हणजे व्हीटीची पीएफ-१ ही कळ नेमकी जेथे होती तेथे पीसीवर नम लॉक आहे. डेकच्या संपादकांत, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्रामांत, पीएफ-१ ला ‘गोल्ड’ कळ म्हणत आणि निम्म्या आज्ञा तिच्यापासून सुरू होत. इम्युलेटरने ती कळ आपल्याकडे घ्यावी तर विंडोजला ती दिवा लावण्या-विझवण्यासाठी हवी असते. बोटांना वर्षानुवर्षे लागलेली सवय मोडणे हे लेखनिकाच्या दृष्टीने किती त्रासाचे असते, याची कल्पना सॉफ्टवेअर खरेदी करणाऱ्यांना सहसा नसते.

बॅकस्पेसचे भांडण तर टर्मिनलहूनही जुने आहे. ‘एक घर मागे जा’ या अर्थाचा क्रमांक ८ आणि ‘खोडले’ या अर्थाचा १२७. कागदी पट्टीवर चुकलेले अक्षर खोडण्यासाठी त्या जागी सातही भोके पाडत, आणि सात भोके म्हणजे १२७. डेकच्याच नंतरच्या व्हीटी-२२० ची खोडण्याची कळ १२७ पाठवत असे, पीसीच्या जगात त्याच जागेवरची कळ ८ शी निगडित झाली. सर्व्हर एकाची वाट पाहत असताना दुसरा आला, तर अक्षर खोडले जाण्याऐवजी कॅरटचे चिन्ह आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह किंवा एच उमटतो. इमॅक्स या संपादकात ८ म्हणजे मदत, त्यामुळे तेथे चूक खोडायला जावे आणि मदतीची खिडकी उघडावी असे होते. उपाय सोपा आहे: इम्युलेटरच्या मांडणीत बॅकस्पेसने काय पाठवायचे ते बदला किंवा सर्व्हरवर ‘एसटीटीवाय’ आज्ञेने खोडायचे अक्षर कोणते ते सांगा. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी बदल केला तर मात्र घोळ जसाच्या तसा राहतो, फक्त बाजू बदलतात.

बाणांच्या कळांची कथा आणखी मजेशीर आहे. वरचा बाण दाबला की व्हीटी-१०० एस्केपपासून सुरू होणारी तीन अक्षरे पाठवतो. ती दोन प्रकारची असतात: साध्या अवस्थेत मधले अक्षर चौकोनी कंस आणि प्रोग्रामने मागितल्यास मधले अक्षर मोठा ओ. आता व्हीआय संपादकात नुसते एस्केप म्हणजे ‘लिहिणे थांबव’ आणि मोठा ओ म्हणजे ‘वर नवी ओळ उघड’. लाइन संथ असेल आणि तिन्ही अक्षरे एकत्र पोहोचली नाहीत, तर संपादक त्यांना सुट्या आज्ञा समजतो: लिहिणे थांबते, वर नवी ओळ उघडते आणि तिच्यात ए हे अक्षर लिहिले जाते. बाण दाबत जावे आणि मजकुरात ए, बी, सी, डी अशा एकेका अक्षराच्या ओळी उगवाव्यात, हा अनुभव व्हीआय वापरणाऱ्या अनेकांना आहे. एस्केपनंतर किती काळ वाट पाहायची हे प्रोग्रामला ठरवावे लागते. वेळ कमी ठेवली तर बाण तुटतात, जास्त ठेवली तर एस्केपची कळ सुस्त वाटते.

पडद्याच्या कडांवरही अशीच एक सूक्ष्म खोड आहे. व्हीटी-१०० वर ८० व्या घरात अक्षर लिहिल्यावर कर्सर तेथेच थबकतो आणि पुढचे अक्षर आले तरच खालच्या ओळीवर जातो. डॉसचा पडदा मात्र ८० वे घर भरताच लगेच खाली उतरतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण प्रोग्रामने अगदी उजव्या खालच्या कोपऱ्यात अक्षर लिहिले की दुसऱ्या प्रकारात अख्खा पडदा एक ओळ वर सरकतो आणि शीर्षकाची ओळ गायब होते. व्हीटीला २४ ओळी आणि पीसीच्या पडद्याला २५, हा आणखी एक फरक. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये सुरू झालेल्या केरमिट या जोडणी-प्रोग्रामच्या डॉस आवृत्तीने पंचविसाव्या ओळीवर जोडणीची स्थिती दाखवून तो सत्कारणी लावला. आजच्या खिडक्या हव्या तेवढ्या ताणता येतात. नेटवर्कवरून होणाऱ्या टेलनेट आणि एसएसएच जोडण्यांत खिडकीचा आकार सर्व्हरला कळवण्याची सोय आहे, साध्या सीरियल तारेवर नाही. म्हणून सीरियल जोडणीत खिडकी ५० ओळींची असली तरी संपादक वरच्या २४ ओळींतच अंग चोरून बसतो.

आयबीएमच्या मेनफ्रेमचे, म्हणजे महाकाय संगणकांचे, ३२७० हे १९७१ मध्ये आलेले टर्मिनल याहून अगदी निराळ्या घराण्यातले आहे. त्यात प्रत्येक कळ होस्टला कळत नाही. पडदा म्हणजे भरायचा फॉर्म आणि एंटर दाबल्यावर तो एकदम रवाना होतो. अक्षरांचा संकेतही इतरत्र रुळलेला आस्की नसून आयबीएमचा एब्सिडिक आहे, त्याच्या अनेक उपजाती आहेत आणि चौकोनी कंसांच्या जागा त्यांत वेगवेगळ्या आहेत. मेनफ्रेमवरच्या सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये उघडत्या कंसाऐवजी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला वाय दिसला, तर कोड बिघडलेला नसून इम्युलेटरमध्ये ०३७ आणि सर्व्हरवर १०४७ असे दोन भिन्न संच लावलेले आहेत असे समजावे.

काही अडचणींचा सोंगाशी संबंध नसतो, त्या पीसीच्या बदलत्या घडणीतून येतात. हायपरटर्मिनल विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत सोबत मिळत असे आणि व्हिस्टापासून काढून टाकले गेले. डॉससाठी लिहिलेले १६ बिटी इम्युलेटर ६४ बिटी विंडोजवर चालतच नाहीत. सीरियल पोर्ट लॅपटॉपवरून नाहीसा झाला आणि त्याची जागा यूएसबी अडॅप्टरने घेतली. विंडोज त्याला कधी कधी कॉम-११ असा वरचा क्रमांक देते आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम-४ च्या पुढे काही नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन क्रमांक खाली आणला की काम होते. पडदा अचानक गोठला आणि कोणतीच कळ चालेना, तर खिडकी बंद करण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून पाहावे. सवयीने ‘सेव्ह’ म्हणून दाबलेले कंट्रोल-एस हे टर्मिनलच्या भाषेत ‘थांब, पाठवू नकोस’ असे असते आणि होस्ट मुकाट्याने थांबलेला असतो.

शोध घेताना तारेकडून पडद्याकडे यावे, हा क्रम मला सर्वांत कमी वेळ खाणारा वाटतो. सगळीच अक्षरे कचरा असतील तर गती, बिट आणि पॅरिटी पाहावी. इंग्रजी मजकूर नीट आणि फक्त रेघा किंवा देवनागरी बिघडलेली असेल तर अक्षरसंच तपासावा. मजकूर बरोबर पण चुकीच्या जागी पडत असेल तर टर्मचे नाव आणि खिडकीचा आकार पाहावा. पडदा उत्तम आणि फक्त कळा चुकत असतील तर कळांची मांडणी उघडावी. इम्युलेटरवर संशय उरलाच तर व्हीटीटेस्ट हा जुना, फुकट मिळणारा प्रोग्राम सर्व्हरवर चालवावा. तो एकेक खोड पडद्यावर मांडून बरोबर वठली की नाही ते दाखवतो. आणि कार्यालयातला जुना पीसी मोडीत काढण्याआधी त्यातल्या इम्युलेटरची कळांच्या मांडणीची आणि जोडणीची फाइल उतरवून घ्यावी, कारण अनेक ठिकाणी कोणती कळ काय पाठवते याची ती एकमेव लेखी नोंद असते.